हिराबाईंचा गुडघा आणि बावीस पानं

"सिस्टर, तुम्ही नक्की काय काम करत होतात हो?" असं मला अजूनही लोक विचारतात. नोकरीची पहिली वर्षं सांगणं सोपं आहे. सरकारी दवाखान्यात नर्स होते, एवढं म्हटलं की पुरतं. पुढची चौदा वर्षं सांगायला घेतली की समोरच्याच्या कपाळावर आठी येते. नवी औषधं बाजारात येण्याआधी माणसांना देऊन तपासतात, तशा एका संशोधन केंद्रात मी होते. पुण्यातच, एका शांत गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर.

"म्हणजे माणसांचे गिनीपिग?" आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये विचारलं होतं.

"नाही हो," मी म्हटलं, "गिनीपिगला कोणी विचारत नाही. माणसाला विचारावं लागतं. ते विचारायचं काम माझं."

उत्तर झकास होतं. लिफ्टमधून उतरताना मी स्वतःवर खूश होते. विचारणं म्हणजे काय, हे मात्र मला तेव्हा धड कळलेलं नव्हतं. ते मला हडपसरजवळच्या मांजरी गावच्या हिराबाईंनी शिकवलं.

आधी कामाचं सांगते. अशा चाचणीत भाग घेणाऱ्याला आम्ही स्वयंसेवक म्हणायचो. त्याचा येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसाचा मोबदला मिळतो. त्यामुळे काहींना ही नोकरी वाटते, काहींना फुकटचा दवाखाना वाटतो. दोन्ही खरं नाही. पहिल्या दिवशी औषध मिळतच नाही. रक्त, लघवी, छातीचा ईसीजी, जुने आजार, चालू गोळ्या, सगळं तपासून निम्म्या लोकांना आम्ही घरी पाठवायचो. "मी धडधाकट आहे, मला का नको म्हणता?" म्हणून भांडणारे असायचे. दुसऱ्या चाचणीतून आठवड्यापूर्वी बाहेर पडून ते लपवणारेही असायचे. दंडावरच्या सुईच्या खुणा बघून मी ओळखायची. जो निवडला जाई त्याला ठरल्या दिवशी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं, रोज वहीत दुखणं शून्य ते दहा आकड्यांत लिहायचं आणि दर आठवड्याला माझा फोन घ्यायचा, हे सगळं न कंटाळता करावं लागे.

आणि या सगळ्याआधी संमतीपत्र. बावीस पानांचं. ते वाचून दाखवायचं, शंका विचारायला सांगायचं, मग सही घ्यायची. मी ते चाळीस मिनिटांत वाचायची. आवाज खणखणीत, उच्चार स्पष्ट. आमचे मुख्य डॉक्टर केतकर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही वाचलंत की आकाशवाणी ऐकल्यासारखं वाटतं." मला ते कौतुक वाटायचं.

हिराबाई आल्या त्या गुडघेदुखीच्या चाचणीला. साठीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. जन्मभर मळ्यात राबलेल्या. आता मळ्याच्या जागी तीनमजली घर, खाली भाडेकरू, वर मुलगा, सून आणि नातवंडं. घरात काही कमी नव्हतं, पण जिना उतरताना गुडघा जीव काढायचा. त्यांच्या भावकीतल्या कोणीतरी सांगितलं, की पुण्यात नवं औषध देतात आणि वर बसचं भाडंही देतात. त्या एकट्या बस बदलून आल्या.

चौथीपर्यंत शाळा झालेली, वर्तमानपत्र वाचायच्या. मी बावीस पानं वाचली. त्या मान हलवत होत्या, मी पानं उलटत होते.

"काही शंका?"

"न्हाई बाई. तुमी एवढं वाचलं त्ये काय उगं?"

त्यांनी सही केली. हिराबाई, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे आडनाव, सगळं जोडाक्षरांसकट, सावकाश.

सहा महिन्यांची चाचणी होती. तिसऱ्या महिन्यात हिराबाईंच्या वहीतला आकडा सातावरून चारावर आला. चौथ्या महिन्यात त्या जेजुरीला जाऊन पायऱ्या चढून आल्या आणि माझ्या टेबलावर भंडाऱ्याची पुडी ठेवली. "तुमच्या गोळीनं देव दिसला बाई. सात वर्सं खालनंच हात जोडत हुते." केंद्रातल्या सगळ्यांना त्या आवडायला लागल्या होत्या. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी येणार, वही कधी विसरणार नाहीत, बाकावर बसलेल्या नव्या माणसाला धीर देणार. "सुई बारीक असती, मुंगी चावल्यागत," असं त्यांनी वारज्याच्या एका पैलवानाला सांगितलेलं मी ऐकलंय. पैलवान डोळे मिटून बसला होता.

चाचणी संपली. कोणाला काय दिलं होतं याचा उलगडा काही महिन्यांनी झाला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना टपालाने पत्रं गेली. पत्रं मीच पाकिटात घातली. हिराबाईंच्या पत्रात लिहिलं होतं, की त्यांना मिळालेल्या गोळीत औषध नव्हतं.

अशा गोळीला आम्ही डमी म्हणायचो. दिसायला हुबेहूब खरीसारखी, आत काही नाही. नव्या औषधाचा गुण खरा किती आणि नुसतं औषध घेतल्याच्या समाधानाचा किती, हे वेगळं काढायला ती लागते. कोणाला कुठली गोळी हे संगणक ठरवतो. मला माहीत नसतं, डॉक्टरांनाही नसतं. ज्यांना फार दुखेल त्यांच्यासाठी साधी वेदनाशामक गोळी वेगळी दिलेली असते. यात फसवणूक नाही. मात्र समोरच्याला ते आधी कळलेलं असलं पाहिजे.

पाकिटं टपालात पडल्यावर आठ दिवसांनी हिराबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"बाई, म्हंजे माझा गुडगा खोटा दुकत हुता का?"

"अहो नाही, हिराबाई, ऐका तरी—"

"समदं घर हसतंय मला. सून म्हनती, आत्याबाई, तुमचं नाटक हुतं, पिठाच्या गोळीनं पळालं. आता दुकलं तरी कुनाला सांगनार न्हाई मी."

त्यांनी फोन ठेवला. नंतर मी दोनदा केला, उचलला नाही.

दवाखान्यात मी माणसं ओरडताना, शिव्या देताना पाहिली होती. मला त्याची भीती वाटली नाही कधी. भीती वाटली ती शेवटच्या वाक्याची. एखाद्या बाईने दुखणं सांगायचंच नाही असं ठरवलं, तर ती ते शेवटपर्यंत निभावते. मी डॉक्टर केतकरांकडे गेले. "मला हिराबाईंच्या घरी जायचंय," म्हटलं. ते म्हणाले, "सिस्टर, चाचणी संपली आहे. पत्र नियमाप्रमाणे गेलंय. आपल्या बाजूने काही चूक नाही."

"चूक नाही म्हणूनच जाते. चूक असती तर तुम्हाला पाठवलं असतं."

असं मी त्यांच्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. त्यांनी कपाट उघडून स्वतः हिराबाईंची एक्स-रे फिल्म काढून दिली. "त्यांची आहे. त्यांना द्या."

रविवारी सकाळी मी मांजरीला गेले. हडपसरपर्यंत बस, पुढे रिक्षा. दार सुनेने उघडलं. मनीषा तिचं नाव. तिशीची, हसरी, हाताला कणीक लागलेली. मी कोण ते सांगितल्यावर जरा ओशाळली. "या ना मॅडम. आत्याबाई आत आहेत. त्या हल्ली बाहेर येतच नाहीत."

हिराबाई आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. उठता येत नव्हतं हे मला त्यांच्या चादर मुठीत धरलेल्या हातावरून कळलं. गुडघा टम्म सुजला होता.

"किती दुखतंय?" मी सवयीने विचारलं.

"काय न्हाई."

"शून्य ते दहा?"

"सुन्य."

मी खिडकीपाशी गेले, फिल्म उजेडात धरली आणि मनीषाला हाक मारली. ती कणकेचे हात तसेच घेऊन आली.

"हे बघा. हे मांडीचं हाड, हे पायाचं. चांगल्या गुडघ्यात या दोघांच्या मध्ये फट दिसते. तिथे गादी असते. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यात फट दिसतेय का?"

ती पुढे वाकून बराच वेळ बघत राहिली. "नाही. चिकटलंय."

"हाडावर हाड घासतंय. हा फोटो पहिल्या दिवशीचा आहे, एकही गोळी घेण्याच्या आधीचा. हा असा असल्याशिवाय आम्ही त्यांना चाचणीत घेतलंच नसतं. खोट्या दुखण्याला आमच्याकडे जागा नव्हती."

"मग पिठाच्या गोळीनं बरं कसं वाटलं?" मनीषाने विचारलं. कुत्सितपणे नाही, खरंच विचारलं.

डॉक्टरांकडून मी जे शिकले होते ते सांगितलं. दुखणं गुडघ्यात असलं तरी ते जाणवतं मेंदूला. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय, आपण बरे होणार, असं मनाने घेतलं की शरीर स्वतःच वेदना थोडी दाबून धरतं. त्यात आम्ही रोज चालायला सांगितलं होतं, दर आठवड्याला विचारपूस होत होती. गादी काही परत आली नव्हती, पण बरं वाटलं ते खरं वाटलं होतं. आणि आता विचारपूस संपली, वर घरात हसं झालं, तर दुखणं परत आलं.

मनीषा सासूजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, चुकलं माझं. मी आपली गंमत करत होते." हिराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमी मला वाचून दावलं, त्यात ह्ये हुतं?"

"होतं. अकराव्या पानावर."

"वाचा."

माझ्या पर्समध्ये प्रत होती. मी वाचलं. "सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने सक्रिय घटक अथवा निष्क्रिय तुलनात्मक घटक यांपैकी एकाचे वाटप करण्यात येईल."

खणखणीत वाचलं.

"मी बी.कॉम. आहे," मनीषा म्हणाली, "मलाही नाही कळलं."

आणि हिराबाई हसल्या. सुजल्या गुडघ्यावर हात ठेवून, पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. ते वाक्य मी दीडेकशे माणसांना तरी वाचून दाखवलं असेल. त्यातल्या कितींना ते कळलं असेल? मला स्वतःला ते कळलं होतं, कारण मला मूळ इंग्रजी कागद माहीत होता. ज्यांना माहीत नव्हता त्यांच्या सह्या माझ्या कपाटात ओळीने लावून ठेवलेल्या होत्या.

हिराबाईंना डॉक्टर केतकरांनी ओळखीच्या अस्थितज्ज्ञांकडे पाठवलं. व्यायाम, पट्टा, गरजेपुरती गोळी. गुडघा नवा झाला नाही, पण जिना जमायला लागला.

त्याच सुमारास गुडघ्याचीच पुढची चाचणी सुरू होणार होती आणि तिच्यासाठी सदाशिव पेठेतून आपटे सर आले. निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मी तशीच बावीस पानं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"सिस्टर, एक विचारू? हे मराठी आहे, असं आपल्याला कोणी सांगितलं?"

"औषध कंपनीकडून भाषांतर होऊन येतं, सर."

"हं. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. यातलं एक वाक्य कुणी निबंधात लिहिलं असतं, तर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं असतं. आपण वाचता छान. पण ज्याचा अर्थ लागत नाही ते छान वाचलं जातंय, म्हणून जास्त चीड येते."

एरवी मी फणकारले असते. त्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "सर, तुम्ही लिहून द्याल?"

त्यांनी चष्मा पुसला. "मोबदला?"

"चहा."

"साखर कमी," ते म्हणाले आणि खिशातलं लाल पेन काढलं.

पंधरा दिवस ते दुपारी येऊन बसायचे. त्यांनी केलेलं मराठी नितळ होतं, पण ते पुस्तकातलं होतं. मी हिराबाईंना फोन केला. त्या आल्या. टेबलाच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला हिराबाई, मध्ये मी. सर एक वाक्य वाचणार, हिराबाई ते स्वतःच्या शब्दांत परत सांगणार. चुकलं तर दुरुस्ती कागदात करायची, हिराबाईंना समजावत बसायचं नाही, असं आमचं ठरलं.

अकराव्या पानाला दीड तास लागला.

"'गोळीची निवड चिठ्ठ्या टाकून होईल,'" सरांनी वाचलं.

"चिठ्ठी कोन उचलनार?"

"संगणक."

"म्हंजे सिस्टरच्या हातात न्हाई, डॉक्टरच्याबी न्हाई?"

"नाही."

"मग त्ये लिवा की! मला वाटलं हुतं, बाईंनी वळखीच्यांना चांगली दिली आन मला उरल्याली."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. एवढे दिवस त्यांच्या मनात हे होतं आणि मला पत्ता नव्हता. सरांनी लगेच लिहायला घेतलं. ते वाक्य शेवटी असं झालं: "तुम्हाला औषधाची गोळी मिळेल की तशीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी मिळेल, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवेल. ते सिस्टरच्या किंवा डॉक्टरांच्या हातात नाही आणि शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नाही."

"आनि एक लिवा," हिराबाई म्हणाल्या. "औषद नसल्याल्या गोळीनं बरं वाटलं, तर तुमचं दुकनं खोटं हुतं असं न्हवं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे वाक्य मला सुचलं नसतं," ते म्हणाले. सदाशिव पेठेतल्या माणसाकडून असं वाक्य ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगायला नको.

बावीस पानांची नऊ झाली. आता कंपनीला कोण सांगणार? डॉक्टर केतकर धास्तावले होते. "सिस्टर, इतकं उघड लिहिलं तर कोण यायचं? रिकामी गोळी मिळेल म्हटल्यावर लोक बाकावरूनच उठून जातील." पण त्यांनी कागद पुढे पाठवला, हे त्यांचं मोठेपण. कंपनीची पत्रं आली, वकिलांचे शेरे आले, काही वाक्यं परत लांब झाली. शेवटी एथिक्स कमिटीपुढे गेलं. चाचणीत माणसांना काही धोका नाही ना, त्यांना नीट विचारलं जातं ना, हे बघणारी ही समिती. तिच्या मंजुरीशिवाय एक गोळीही देता येत नाही. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ वाचले आणि म्हणाले, "नवा ठेवा. जुन्यावर मी सही केली होती, याची मला लाज वाटते."

डॉक्टरांचं भाकीत काही अंशी खरं ठरलं. बरेच लोक उठून गेले. विश्रांतवाडीहून आलेली आयटीतली दोन मुलं होती. "मॅम, आम्हाला वाटलं नुसतं साइन करायचं असतं," असं म्हणून हसत निघून गेली. भरती पूर्ण व्हायला आम्हाला ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले आणि कंपनीचा माणूस रोज फोन करून माझं डोकं खायचा. पण जे राहिले ते मध्येच गळले नाहीत. वह्या मन लावून भरायचे, लपवाछपवी कमी झाली. एका आजोबांनी तर फोनवर विचारलं, "सिस्टर, माझी रिकामी असली तरी चालेल ना? मी आपला आकडा खरा लिहितोय." मी म्हटलं, "तुमचा खरा आकडाच तर आम्हाला हवाय."

वर्षभराने समितीतली एक जागा रिकामी झाली. नियमाने तिथे डॉक्टर नसलेला, संशोधनाचं काम न करणारा एक सामान्य नागरिक लागतो. आधी एक निवृत्त बँक अधिकारी होते. ते प्रत्येक कागदाला "उत्तम" म्हणायचे आणि सामोसा खाऊन जायचे. नवीन नाव डॉक्टर केतकरांनी सुचवलं. मी सुचवणार होते, पण ते आधी बोलले.

हिराबाईंनी आधी नाही म्हटलं. "साहेब लोकांत मी काय बोलू?" मनीषाने त्यांना ठेवणीतलं लुगडं नेसवलं आणि स्वतः सोबत घेऊन आली. पहिल्या दोन बैठकांत हिराबाई खरंच काही बोलल्या नाहीत. कागद घरी नेऊन मनीषाबरोबर वाचायच्या आणि समजलं नाही तिथे पेन्सिलने फुली मारून आणायच्या.

तिसऱ्या बैठकीत एका मधुमेहाच्या चाचणीचा कागद होता. त्यात लिहिलं होतं, की सहभागी व्यक्ती केव्हाही, कारण न देता, बाहेर पडू शकते आणि तिने तसं प्रमुख डॉक्टरांना कळवावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष पुढचं पान उलटणार तोच हिराबाईंनी हात वर केला.

"साहेब, ह्ये चांगलं लिवलंय. पर डाक्टरसमोर 'मला नगं' म्हनाया बाईमानसाला तोंड फुटत न्हाई. पैलवानालाबी फुटत न्हाई. सिस्टरला सांगितलं तरी चालंल, असं लिवा."

समितीत एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ होते. ते म्हणाले, "तसा फरक काय पडतो? डॉक्टर काही खात नाहीत."

"तुमी न्हाई खात," हिराबाई म्हणाल्या, "पर पेशंटला कुटं म्हाईत?"

ते गृहस्थ मोकळेपणी हसले आणि त्यांनीच वाक्य सांगायला सुरुवात केली. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. पुढे आमच्या प्रत्येक कागदात ते आलं.

त्या वाक्याचा उपयोग मी पहिल्यांदा होताना पाहिला तो काही महिन्यांनी. वारज्याच्या एक बाई, शिवणकाम करणाऱ्या, त्याच मधुमेहाच्या चाचणीत होत्या. तब्येत उत्तम, वही नेटकी, कंपनीला आवडावा असा स्वयंसेवक. त्या दिवशी रक्त द्यायला आत न जाता त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पर्सचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"सिस्टर, कागदात लिहिलंय, तुम्हाला सांगितलं तरी चालतं."

"चालतं की."

"मला आता नको. बंद करायचंय."

पूर्वीची मी असते तर विचारलं असतं, का, काय झालं, आता थोडेच दिवस राहिलेत. मी नोंदवही ओढली, त्यांच्या नावापुढे लिहिलं, सुरक्षेसाठी एकदा तपासून घ्या, तेही तुमची इच्छा असेल तर, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे थोडं अविश्वासाने पाहिलं.

"झालं? एवढंच?"

"एवढंच. बसा, चहा घेता का?"

त्या बसल्या. पर्स मांडीवर ठेवली, चहा घेतला, नातीच्या शाळेचं काहीबाही सांगितलं आणि गेल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.